सामाजिक संशोधनातील प्रगत सांख्यिकी : आकड्याआधी नमुना वाचावा

सामाजिक शास्त्रांत पदव्युत्तर आणि पीएच.डी. पातळीवर संशोधन करणाऱ्या विद्यार्थ्यापुढील अडचणीचे स्वरूप गेल्या तीस वर्षांत पार बदलले आहे. प्रस्तुत लेखक विद्यार्थी असताना राष्ट्रीय नमुना पाहणीचे छापील अहवाल पाहण्यासाठीसुद्धा मोठ्या शहरातील ग्रंथालय गाठावे लागे. कुटुंबनिहाय मूळ नोंदी हाताळायला मिळणे ही तर फार दूरची गोष्ट होती. आज सांख्यिकी आणि कार्यक्रम अंमलबजावणी मंत्रालयाच्या संकेतस्थळावर नाव नोंदवले की उपभोग खर्च, रोजगार, आरोग्य, शिक्षण अशा अनेक पाहण्यांच्या लाखो कुटुंबांच्या नोंदी विनामूल्य मिळतात. 'आर'सारखी सांख्यिकी प्रणालीही मोफत उपलब्ध आहे. साहित्य आले, साधने आली. परंतु त्या साहित्याला कोणता प्रश्न विचारता येतो आणि कोणता विचारता येत नाही, हे शिकवणारी शिस्त मात्र त्या वेगाने आलेली नाही.

विद्यापीठ अनुदान आयोगाने २००९ च्या विनियमांद्वारे पीएच.डी.साठी अभ्यासक्रम पूर्ण करणे बंधनकारक केले आणि संशोधन पद्धती, ज्यात संख्यात्मक पद्धतींचा समावेश होऊ शकतो, हा त्याचा भाग ठरवला. २०२२ च्या विनियमांनी या अभ्यासक्रमासाठी किमान १२ श्रेयांक निश्चित केले. भारतीय सांख्यिकी सेवा, भारतीय आर्थिक सेवा आणि 'नेट' या परीक्षांच्या अभ्यासक्रमांतही नमुना निवड, प्रतीपगमन आणि अर्थमिती यांना स्थान आहे. तरीही अनेक विद्यार्थी या विषयाकडे पाठ करायच्या सूत्रांचा संग्रह म्हणून पाहतात. त्याचा परिणाम काय होतो, हे एका प्रसंगावरून सांगणे योग्य ठरेल.

काही वर्षांपूर्वी एका विद्यापीठात बहिःस्थ परीक्षक म्हणून मौखिक परीक्षेला बसण्याचा योग आला. विषय स्त्रियांच्या श्रमसहभागाचा होता. उमेदवार कष्टाळू होती. प्रबंधात चौदा स्तंभांचे कोष्टक होते आणि जवळजवळ प्रत्येक आकड्याशेजारी तारांकित खूण होती. "या गणनेत पाहणीने दिलेले गुणक वापरले आहेत का?" असे विचारले असता उत्तर आले, "सॉफ्टवेअरने घेतले असतील, सर." ते घेतलेले नव्हते. गुणक घेऊन आणि गावांचे गट लक्षात घेऊन पुन्हा गणना केली तेव्हा मुख्य निष्कर्षांपैकी निम्मे टिकले नाहीत. प्रबंध दुरुस्तीसाठी परत गेला. दरम्यान शिष्यवृत्तीची मुदत संपली होती, आणि त्या मुलीला सव्वा वर्ष खासगी शिकवण्या घेऊन काढावे लागले. यात दोष तिचा एकटीचा नव्हता. पाच वर्षांत हा प्रश्न तिला कोणी विचारलाच नव्हता.

गुणक म्हणजे काय?

देशातील सर्व कुटुंबांना भेटणे शक्य नसते, म्हणून नमुना घेतला जातो. परंतु नमुन्यात येण्याची संधी प्रत्येक कुटुंबाला सारखी नसते. शहरी भागाचा स्वतंत्र अंदाज हवा असेल तर शहरातून लोकसंख्येच्या मानाने अधिक कुटुंबे घेतली जातात. नमुन्यातील एक कुटुंब प्रत्यक्षातील किती कुटुंबांचे प्रतिनिधित्व करते, ती संख्या म्हणजे गुणक.

एक काल्पनिक जिल्हा घेऊ. त्यातील ९० टक्के कुटुंबे ग्रामीण व १० टक्के शहरी आहेत. नमुन्यात मात्र दोन्हीकडून निम्मी निम्मी कुटुंबे आहेत. ग्रामीण दरडोई मासिक खर्च ३,००० रुपये आणि शहरी ५,००० रुपये निघाला, आणि दोन्हीकडे कुटुंबांचा आकार सारखाच आहे असे धरू. गुणकाविना सरासरी ४,००० रुपये येते. गुणकासह ती ३,००० चे ९० टक्के आणि ५,००० चे १० टक्के मिळून ३,२०० रुपये होते. पहिला आकडा कोणत्याही खऱ्या जिल्ह्याचा नाही. तो केवळ नमुन्याच्या यादीचा आहे.

प्रतीपगमनात, म्हणजे वर्गात ज्याला सरसकट 'रिग्रेशन' म्हटले जाते त्यात, गुणक वापरावेत की नाही यावर तज्ज्ञांत मतभेद आहेत. लोकसंख्येचे वर्णन करायचे असेल तर ते वापरलेच पाहिजेत. दोन चलांमधील संबंध सर्व गटांत सारखाच आहे असे मानले तर ते न वापरण्याचेही समर्थन करता येते. विद्यार्थ्याने बाजू कोणतीही घ्यावी, पण ती जाणीवपूर्वक घ्यावी आणि प्रबंधात लिहावी. दोन्ही पद्धतींनी उत्तर काढून पाहिल्यास बहुधा काहीतरी शिकायला मिळते. दोन उत्तरांत मोठी तफावत असेल तर संबंध सर्व गटांत सारखा नसल्याची ती सूचना असते.

एक हजार कुटुंबे, पण माहिती किती जणांची?

दुसरी चूक यापेक्षा सूक्ष्म आणि अधिक सार्वत्रिक आहे. पाहणी करणारा कर्मचारी देशभर विखुरलेली हजार कुटुंबे शोधत फिरत नाही. आधी गावे निवडली जातात आणि प्रत्येक गावातून काही कुटुंबे. एकाच गावातील कुटुंबे पाऊस, बाजारपेठ, रस्ता, शाळा, जातिरचना अशा अनेक बाबतींत एकमेकांसारखी असतात. त्यामुळे त्याच गावातले आठवे कुटुंब पहिल्या सात कुटुंबांहून फारसे नवे काही सांगत नाही.

हा परिणाम मोजण्याचे एक साधे सूत्र आहे : एक अधिक, गावातील निवडलेल्या कुटुंबांची संख्या वजा एक, गुणिले गावांतर्गत सहसंबंध. प्रत्येक गावातून ८ कुटुंबे घेतली आणि गावांतर्गत सहसंबंध ०.१ असेल, तर उत्तर १ + ७ × ०.१ म्हणजे १.७ येते. याला आराखडा-परिणाम म्हणतात. अर्थ असा की १,००० कुटुंबांच्या या नमुन्यात प्रत्यक्ष माहिती सुमारे ५८८ स्वतंत्र कुटुंबांइतकीच आहे. समजा ३० टक्के कुटुंबे गरीब आढळली. साध्या सूत्राने प्रमाण त्रुटी १.४५ टक्के बिंदू येते. आराखडा-परिणाम धरला की ती १.८९ होते. ९५ टक्के विश्वास-मर्यादा अधिक-उणे २.८ वरून अधिक-उणे ३.७ टक्के बिंदूंपर्यंत रुंदावते. वर सांगितलेल्या प्रबंधातील बऱ्याच तारांकित खुणा याच फरकात विरघळल्या होत्या.

परीक्षेच्या दृष्टीने लक्षात ठेवण्याजोगी बाब ही की गुणक विसरल्याने अंदाजच सरकतो, तर समूहरचना विसरल्याने अंदाज बहुधा तोच राहतो, त्यावरचा विश्वास मात्र खोटा ठरतो. दोन्ही चुकांची औषधे वेगवेगळी आहेत. उत्तरपत्रिकांत त्यांची सरमिसळ फार आढळते.

मोजमाप : प्रश्न विचारण्याची पद्धत बदलली की देश बदलतो

प्रगत पद्धती म्हणजे अवघड समीकरणे, असा समज आहे. प्रस्तुत लेखकाच्या मते भारतातील सर्वांत उपयुक्त सांख्यिकी धडा कोणत्याही समीकरणात नसून एका प्रश्नावलीत आहे. तो प्रत्येक विद्यार्थ्याने तपशिलाने समजून घ्यावा.

राष्ट्रीय नमुना पाहणी १९५० मध्ये सुरू झाली. तिच्यामागे प्रशांतचंद्र महालनोबिस यांची दृष्टी होती. भारतीय सांख्यिकी संस्थेची स्थापना त्यांनी १९३१ मध्ये केली होती. उपभोग खर्चाची माहिती घेताना कुटुंबाला गेल्या ३० दिवसांत काय खाल्ले, काय खर्च केला हे विचारण्याची पद्धत दीर्घकाळ रूढ होती. पण महिन्याभरात किती मीठ, किती भाजी, किती तेल लागले हे कोणाला अचूक आठवते? सात दिवसांचे विचारले तर आठवण ताजी असते, म्हणून नोंदवलेला खर्च वाढतो. उलटपक्षी कपडे, पादत्राणे, शिक्षण किंवा टिकाऊ वस्तू यांवर दर महिन्याला खर्च होत नाही. तो वर्षभराचा विचारला की गरीब कुटुंबांतही थोडाफार खर्च नोंदला जातो आणि त्यांची महिन्याची सरासरी वर सरकते.

१९९४ ते १९९८ या काळातील चार फेऱ्यांत हा प्रयोग करून पाहण्यात आला. काही कुटुंबांना जुनी प्रश्नावली, तर काहींना वेगवेगळ्या स्मरण-कालावधींची नवी प्रश्नावली देण्यात आली. दोन्ही गट यादृच्छिक रीतीने ठरवलेले असल्यामुळे त्यांच्या प्रत्यक्ष राहणीमानात फरक असण्याचे कारण नव्हते. तरीही नव्या प्रश्नावलीवरून मोजलेली गरिबी जुनीच्या जवळपास निम्मी निघाली. तीच वर्षे, तोच देश, तीच दारिद्र्यरेषा असताना कोट्यवधी माणसे केवळ प्रश्नाच्या शब्दरचनेमुळे रेषेच्या अलीकडे वा पलीकडे गेली.

खरी पंचाईत १९९९-२००० च्या ५५ व्या फेरीत झाली. त्या फेरीत खाद्यपदार्थांसाठी ७ दिवसांचा आणि ३० दिवसांचा असे दोन्ही प्रश्न एकाच कुटुंबाला शेजारशेजारच्या रकान्यांत विचारले गेले. कुटुंबाने आठवड्याचे उत्तर दिले की महिन्याचे उत्तर त्याच्याशी जुळवून घेण्याचा कल उत्तरदात्यात आणि नोंद घेणाऱ्यातही निर्माण होणे स्वाभाविक होते. ३० दिवसांचे उत्तर पूर्वीच्या फेऱ्यांतील ३० दिवसांच्या उत्तरासारखे राहिले नाही. अधिकृत अंदाजानुसार १९९३-९४ मधील ३६ टक्के गरिबी १९९९-२००० मध्ये २६.१ टक्क्यांवर आली. आर्थिक सुधारणांनंतरचे हे दशक असल्यामुळे या दहा टक्के बिंदूंवरून देशभर वाद झाला. घट खरी किती आणि प्रश्नावलीमुळे किती?

अँगस डीटन यांनी यावर शोधलेला मार्ग विद्यार्थ्यांनी नीट पाहावा. काही वस्तूंबाबत, उदाहरणार्थ इंधनाबाबत, ५५ व्या फेरीतही प्रश्न पूर्वीप्रमाणे केवळ ३० दिवसांचाच होता. म्हणजे तेवढा खर्च दोन्ही फेऱ्यांत तुलनीय होता. १९९३-९४ च्या नोंदींवरून अशा वस्तूंवरील खर्च आणि कुटुंब गरीब असण्याची शक्यता यांतील संबंध त्यांनी काढला, आणि तो संबंध स्थिर राहिला असे गृहीत धरून १९९९-२००० ची गरिबी नव्याने अंदाजली. गरिबी घटली होती, परंतु अधिकृत आकडा दाखवत होता तितकी नाही, असे त्यातून दिसले. या पद्धतीचे गृहीतकही वादातीत नाही. इंधनाच्या सापेक्ष किमती किंवा लोकांच्या सवयी बदलल्या तर संबंधही बदलू शकतो. पण गृहीतक स्पष्ट लिहिलेले असल्यामुळे इतरांना ते तपासता आले, हे महत्त्वाचे. डीटन यांना २०१५ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले, त्यामागे उपभोग आणि गरिबी यांवरील त्यांचे हेच प्रदीर्घ काम होते.

२००४-०५ साठी एकसमान स्मरण-कालावधीने २७.५ टक्के व मिश्र कालावधीने २१.८ टक्के असे दोन अंदाज द्यावे लागले. पुढे तेंडुलकर समितीने २००९ च्या अहवालात त्याच वर्षाची गरिबी ३७.२ टक्के मांडली, कारण तिने दारिद्र्यरेषा ठरवण्याची पद्धतच बदलली. हे तीन आकडे एकमेकांना खोडत नाहीत. तीन वेगळ्या प्रश्नांची ती तीन उत्तरे आहेत. २०२२-२३ च्या कुटुंब उपभोग खर्च पाहणीत प्रत्येक कुटुंबाला तीन महिन्यांत तीन भेटी देऊन तीन स्वतंत्र प्रश्नावल्या भरून घेण्यात आल्या. ग्रामीण दरडोई मासिक खर्च ३,७७३ रुपये व शहरी ६,४५९ रुपये आढळला. २०११-१२ मध्ये हे आकडे अनुक्रमे १,४३० आणि २,६३० रुपये होते. या जोडीवरून शहर व ग्रामीण भागातील अंतर ८४ टक्क्यांवरून ७१ टक्क्यांवर आले असे उत्तर लिहिणारा विद्यार्थी चुकत नाही. मात्र मधल्या काळात पाहणीची रीत बदलली आहे, हे एक वाक्य त्याने जोडले तर परीक्षकाला त्याची समज दिसते.

पिकाच्या चौकटीचा वाद

मोजमापाचा आणखी एक भारतीय वाद येथे आठवतो. चाळीसच्या दशकात महालनोबिस आणि पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांच्यात पीक कापणी प्रयोगातील चौकट किती मोठी असावी यावर मतभेद झाले. सातारा जिल्ह्यातील बुध येथे जन्मलेल्या सुखात्मे यांनी लंडनमध्ये डॉक्टरेट मिळवली होती आणि ते भारतीय कृषी संशोधन परिषदेत काम करत होते. छोट्या चौकटी स्वस्त पडतात, म्हणून अधिक शेतांत घेता येतात, ही महालनोबिस यांची बाजू. छोट्या चौकटींनी उत्पादन वाढवून दाखवले जाते, हे सुखात्मे यांनी प्रयोगांनी दाखवलेले.

कारण कागदावर करून पाहता येते. १ मीटर बाजूच्या चौरसाची परिमिती ४ मीटर आणि क्षेत्र १ चौरस मीटर. म्हणजे प्रत्येक चौरस मीटरमागे ४ मीटर सीमा. १० मीटर × ५ मीटर चौकटीची परिमिती ३० मीटर आणि क्षेत्र ५० चौरस मीटर. म्हणजे चौरस मीटरमागे केवळ ०.६ मीटर. सीमेवरचे रोप आत धरावे की बाहेर, अशा वेळी कापणाऱ्याचा हात बहुधा आत धरण्याकडे जातो. सीमा जितकी जास्त, तितकी ही चूक जास्त. नमुना कितीही मोठा केला तरी ती कमी होत नाही, कारण ती एकाच दिशेने जाते. यादृच्छिक त्रुटी आणि पूर्वग्रह यांतील फरक याहून सोप्या उदाहरणाने क्वचितच समजावता येईल.

हा वाद इतिहासजमा झाला असे मानू नये. २०१६ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री पीक विमा योजनेत भरपाईच्या निश्चितीसाठी पीक कापणी प्रयोगांवर मोठी भिस्त ठेवण्यात आली. विमा क्षेत्राची सरासरी उत्पादकता प्रत्यक्षापेक्षा अधिक नोंदली गेली तर त्या क्षेत्रातील शेतकऱ्याच्या हाती कमी भरपाई पडते. चौकटीच्या कडेला उभे असलेले रोप तिथे थेट रुपयांत मोजले जाते.

कार्यकारण : तुलना कोणाशी?

सरकारी कार्यक्रमांच्या मूल्यमापनात 'फरकातील फरक' ही पद्धत आज सर्वाधिक वापरली जाते. तिचे भारतातील गाजलेले उदाहरण राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायद्याचे आहे. २००५ च्या या कायद्याची अंमलबजावणी फेब्रुवारी २००६ मध्ये २०० जिल्ह्यांत, २००७-०८ मध्ये आणखी १३० जिल्ह्यांत आणि एप्रिल २००८ पासून उर्वरित ग्रामीण जिल्ह्यांत झाली. आधी आलेल्या आणि नंतर आलेल्या जिल्ह्यांतील मजुरीच्या वाढीची तुलना करून क्लेमाँ इंबेर व जॉन पॅप यांनी २०१५ च्या निबंधात दाखवले की, शेतीकाम मंदावते त्या कोरड्या हंगामात खासगी क्षेत्रातील हंगामी मजुरांच्या मजुरीवर या कामांचा चढता परिणाम झाला.

पद्धतीचे मुख्य गृहीतक असे : योजना आली नसती तर दोन्ही गटांतील जिल्ह्यांची वाटचाल समांतर राहिली असती. पण पहिले २०० जिल्हे चिठ्ठ्या टाकून निवडलेले नव्हते. मागासलेपण हा निवडीचा आधार होता. म्हणून समांतर वाटचाल आपोआप मान्य करता येत नाही. आधीच्या वर्षांची आकडेवारी मांडून ती तपासावी लागते.

यातला एक सापळा पुस्तकांत थोडक्यात येतो, पण प्रबंधांत फार नडतो. काल्पनिक आकडे घ्या. आधी समाविष्ट झालेल्या जिल्ह्यांत रोजची मजुरी ४० रुपयांवरून ५० झाली. नंतरच्या जिल्ह्यांत ती ७० वरून ८४ झाली. रुपयांत पाहिले तर वाढ १० आणि १४. फरकातील फरक उणे ४ रुपये, म्हणजे योजनेने मजुरी घटवली! टक्केवारीत पाहिले तर वाढ २५ टक्के आणि २० टक्के. फरक अधिक ५ टक्के बिंदू, म्हणजे योजनेने मजुरी वाढवली. आकडे तेच असताना निष्कर्षाचे चिन्हच उलटे होते. कारण रुपयांत समांतर असलेली वाटचाल टक्केवारीत समांतर असू शकत नाही, जर सुरुवातीच्या पातळ्या भिन्न असतील आणि मजुरी वाढत असेल. कोणत्या मोजपट्टीवर समांतरतेचे गृहीतक अधिक पटण्याजोगे आहे, हे ठरवण्याचे काम संगणक करत नाही.

दुसरी बाब अलीकडची आहे. योजना टप्प्याटप्प्याने लागू होते तेव्हा सर्व जिल्हे व सर्व वर्षे एकाच समीकरणात घालून एकच सहगुणक काढण्याची प्रथा होती. गुडमन-बेकन, तसेच कॅलवे व सांतआना यांच्या २०२१ मधील निबंधांनंतर हे व्यापकपणे मान्य झाले की अशा समीकरणात आधीच योजना आलेले जिल्हे नंतरच्या जिल्ह्यांसाठी तुलनागट म्हणून नकळत वापरले जातात. परिणाम काळानुसार बदलत असेल तर उत्तर दिशाभूल करू शकते. एप्रिल २००८ नंतर तर योजनेबाहेरचा ग्रामीण जिल्हाच उरला नाही. जुन्या प्रबंधांचा साचा जसाच्या तसा उचलणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

जिथे निवड खरोखर यादृच्छिक किंवा तिच्या जवळची असते तिथे काम सोपे होते. ७३ व्या घटनादुरुस्तीनंतर सरपंचपदांपैकी एक तृतीयांश पदे स्त्रियांसाठी आळीपाळीने राखीव झाली. राघबेंद्र चट्टोपाध्याय आणि एस्तेर डुफ्लो यांनी पश्चिम बंगालमधील बीरभूम व राजस्थानातील उदयपूर येथील २६५ ग्रामपंचायतींचा अभ्यास करून २००४ मध्ये दाखवले की स्त्री-नेतृत्वाच्या पंचायती गावातील स्त्रियांच्या मागण्यांशी जुळणाऱ्या सुविधांवर, विशेषतः पिण्याच्या पाण्यावर, अधिक खर्च करतात. येथे राखीव झाली ती पंचायत, कुटुंब नव्हे. एका पंचायतीतील शंभर कुटुंबांना भेटले तरी तो एकच 'प्रयोग' असतो. प्रमाण त्रुटी पंचायतीच्या पातळीवरच काढली पाहिजे. महाराष्ट्रात असा अभ्यास करू इच्छिणाऱ्यांनी आधी आपल्या जिल्ह्यातील आरक्षण नेमके कोणत्या नियमाने ठरले ते तहसील पातळीवरील आदेशांतून पाहावे. लोकसंख्येच्या प्रमाणावरून उतरत्या क्रमाने ठरणारे आरक्षण यादृच्छिक नसते.

तीच गावे, तीच कुटुंबे

एकाच कुटुंबाला वर्षानुवर्षे भेटत राहिल्याने मिळणाऱ्या पॅनेल आकडेवारीचे मोल वेगळे आहे. हैदराबादजवळील इक्रिसॅट संस्थेने १९७५ पासून केलेल्या ग्राम-अभ्यासात सोलापूर जिल्ह्यातील शिरापूर व कळमण आणि अकोला जिल्ह्यातील कान्झरा व किनखेडा ही गावे होती. रॉबर्ट टाउनसेंड यांनी यांपैकी शिरापूर, कान्झरा आणि तत्कालीन आंध्र प्रदेशातील औरेपल्ली यांच्या नोंदींवरून १९९४ मध्ये एक प्रसिद्ध निबंध लिहिला. एखाद्या कुटुंबाचे पीक बुडाले तर त्याचे खाणेपिणे किती आटते? उत्तर अनपेक्षित होते. कुटुंबाचा उपभोग त्याच्या स्वतःच्या उत्पन्नापेक्षा गावाच्या सरासरी उपभोगाबरोबर अधिक वरखाली होतो; उसनवार, नातेसंबंध, साठवण यांतून धक्का वाटून घेतला जातो, जरी पूर्णपणे नव्हे. एकदाच केलेल्या पाहणीतून हा प्रश्न विचारताच आला नसता. कष्टाळू वा आळशी, सुपीक वा बरड जमीन असे न बदलणारे गुण प्रत्येक कुटुंबाची स्वतःशीच तुलना केल्याने बाजूला पडतात. मात्र जे गुण काळाबरोबर बदलतात ते पडत नाहीत, हेही सांगितले पाहिजे.

पी-मूल्याबद्दल एवढेच. ज्यांचा परिणाम मुळीच नाही असे वीस स्वतंत्र चल तपासले, तरी ५ टक्के पातळीवर निदान एक 'लक्षणीय' निघण्याची शक्यता ६४ टक्के असते. कोष्टकातील तारा मोजण्यापूर्वी किती समीकरणे चालवून पाहिली ती मोजावीत.

अभ्यासाला सुरुवात कोठे करावी, असे विद्यार्थी वारंवार विचारतात. पाठ्यपुस्तक कोणतेही चांगले चालेल. गुजराती किंवा वूल्ड्रिज यांचे पुस्तक एकदा उदाहरणांसह सोडवावे आणि कुटुंब-पाहण्यांसाठी डीटन यांचा १९९७ चा ग्रंथ जवळ ठेवावा. पण त्याआधी एक काम करावे. नियतकालिक श्रमशक्ती पाहणीच्या किंवा उपभोग खर्च पाहणीच्या एखाद्या प्रकाशित अहवालातील एकच आकडा निवडावा, मूळ नोंदी उतरवून घ्याव्यात आणि तोच आकडा स्वतः काढून पाहावा. नंतर त्याची प्रमाण त्रुटी समूहरचना धरून काढावी आणि अहवालात दिलेल्या सापेक्ष प्रमाण त्रुटीशी ताडावी.

आकडा पहिल्या खेपेस बहुधा जुळत नाही. अशा वेळी आधी गुणकाचा रकाना पाहावा. अनेक फेऱ्यांत गुणक दशांशचिन्हाविना लिहिलेला असतो व त्याला १०० ने भागावे लागते. दोन उपनमुने एकत्र केलेल्या स्तरांत २०० ने. सर्वत्र १०० नेच भागले तर एकूण संख्या फुगते हे लगेच दिसते. सरासरी मात्र फुगत नाही, ती थोडीशीच सरकते, म्हणून चूक ध्यानात येत नाही. प्रस्तुत लेखकाने स्वतः ही चूक एका संपूर्ण उन्हाळ्यात शोधली होती. ती सोबतच्या माहितीपत्रकात, ज्या पानाकडे कोणी पाहत नाही अशा शेवटून दुसऱ्या पानावर, एका ओळीत लिहिलेली होती.